दीड कोयता

जिंतूर रोडला, बॅटरीच्या दुकानावर
आमचं उपकार्यालय. जिन्यात आम्लाचा वास.
सूर्यतळ साहेबांनी एकतीस वर्षं तिथं
सर्वेक्षणाचे तक्ते तपासले.

आकडे नंतर.
आधी कागद खिडकीकडे धरायचे.
"हा पोरगा गावात गेलेलाच नाही," म्हणायचे.
"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शाई एकाच चालीची.
पंख्याखाली बसून भरलंय.
खरा तक्ता मांडीवर लिहिलेला असतो,
ओळ उताराला लागते,
कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेलं असतं,
आणि कुठंतरी पेन नुसतं टेकून राहिलेलं असतं,
कारण सांगणारी मधेच गप्प झालेली असते."

मग टॅब आले, एका खोक्यात बावीस.
सुतळी, लाख, पितळी शिक्का,
पोत्यांवर गावांची नावं घालायचा कुंचला
सगळं लोखंडी कपाटात गेलं.
आता मी कुठं उभी आहे, कुठल्या प्रश्नावर
किती मिनिटं अडले, सगळं वर दिसतं.
पंख्याखाली बसायची सोय राहिली नाही.
साहेब म्हणाले, "म्हणजे माझं नाकच बसवलं की, शेख बाई, त्याच्यात."
हसले.
आणि मग दुपारभर बोलले नाहीत.

यंदा आणखी एक नवं:
माणूस काय काम करतो ते त्याच्याच शब्दांत लिहा,
संकेतांक यंत्र लावेल.
यंत्र खूप शिकलेलं होतं, पण आमच्याकडं नव्हतं.
"टोळीत असतो" लिहिलं की लाल व्हायचं.
"उचल घेतली" म्हणणाऱ्याला त्यानं हमाल केलं.
"सालानं आहे" यावर नुसतंच गोल फिरत राहिलं.

पोळ्याच्या आठवड्यात, गंगाखेडच्या वर, माळावरचा तांडा.
लाडीबाई आडे गोठ्याच्या तोंडाशी.
"घरात कामाला किती जण?"
"दीड कोयता."
टॅब म्हणाला, पूर्णांक भरा.
"मी न् मालक मिळून एक," ती म्हणाली,
"पोराचं लगीन व्हायचंय, त्याचं अर्धं."
मी तीन भरलं.
खाली, शेऱ्याच्या चौकटीत, तिचं वाक्य जसंच्या तसं.

साहेबांनी ते वाचलं, खुर्ची पुढं ओढली
आणि दोन बोटांनी यंत्राला पत्र लिहावं तसं लिहिलं:
कोयता म्हणजे दोन माणसं. अर्धा म्हणजे एक.
मुकादम बाईला वेगळी मोजत नाही.
तुम्ही मोजा.

नवव्या दिवशी कोयता आला की यंत्र
आपणहून दोन ओळी उघडायला लागलं,
दुसरीत आधीच लिहिलेलं: स्त्री.
"मला हे तीन तपासनिसांना शिकवायला
सात वर्षं लागली," साहेब म्हणाले.
"आणि त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही."
चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

पण त्याच घरावर एक खूण येऊन पडली होती.
मुलाखतीला लागलेला वेळ: चार तास चाळीस मिनिटं.
कारण निवडा.
घर बंद. नकार. नेटवर्क नाही. इतर.
मी इतर निवडलं. लिहिलं:
शेळी व्यायला लागली, बाई उठून गेली,
मला कंदील धरावा लागला.
पाठवलं. क्षणात हिरवं: स्वीकृत.

"पिल्लं किती?" साहेबांनी विचारलं.
"दोन."
"मग पशुधनाचा रकाना बघा."
बघितला. लाल.
दुपारी मी तीन लिहिल्या होत्या,
निघताना, अंधारात, कुणी न विचारता, पाच.
टॅब विचारत होता, यातला खरा आकडा कोणता.

खाली दुकानदार शटर ओढत होता.
साहेबांनी पेन्सिल शोधली, सवयीनं,
टेबलावर कागद नव्हताच.
"दोन्ही खरे," म्हणाले, "पण एकच घेतंय ना ते?
संध्याकाळचा ठेवा."